सगळा वॉर्ड वीस

प्रतिभाताईंच्या वॉर्डात धूळसुद्धा परवानगी काढून बसत असावी. उल्हासनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलातला हा अठरा खाटांचा बायकांचा वॉर्ड. रोज मांजर्लीहून ये-जा करून ताई एकोणीस वर्षं तो सांभाळताहेत. नऊच्या राउंडला डॉक्टर आले की ताप, नाडी, श्वास लिहून अठराच्या अठरा चार्ट भरलेले हवेत म्हणजे हवेत. याचा त्यांना अभिमान होता आणि, खरं सांगायचं तर, थोडा माजही.

म्हणूनच अनुया नावाची मुलगी नर्सेसचं काम आणि कामाबद्दलची वृत्ती यावर संशोधन करायला आली तेव्हा ताई खूश झाल्या. प्रत्येकीला पाचपैकी गुण द्यायचे होते. सगळ्यांत जुन्या उमाला त्यांनी पाच दिले. राहीला एक, तोही जिवावर येऊन.

राही बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, वर्षाच्या करारावर लागलेली. कामाला गोगलगाय! नऊ वाजले तरी तिचे निम्मे चार्ट कोरे. "अगं, हात चालव जरा," म्हणून ताईंचा घसा बसला. करार वाढवायचा कागद आला तेव्हा त्यांनी 'कामात मंद' असं लिहून खाली सही ठोकली. राहीची नोकरी गेली.

दोन महिन्यांनी अनुया जुने चार्ट घेऊन आली. "मॅडम, रागावू नका. श्वासाचा रकाना बघा."

ताईंनी बघितलं. वीस. वीस. वीस. न्यूमोनियाची म्हातारी, वीस. कालची बाळंतीण, वीस. दम्यामुळे आडवं पडता न येणारी बाई, तीही वीस. श्वास मोजायचा तर पेशंटच्या छातीकडे बघत पुरा मिनिटभर उभं राहावं लागतं. तेवढं कुणी उभंच राहिलं नव्हतं. एकाच अक्षरात सतरा होते, सव्वीस होते, चौतीस होते. ते अक्षर राहीचं होतं.

ताईंनी सगळे चार्ट पुन्हा चाळले. त्यांनी उमाला बोलावलं. "हे कधीपासून चाललंय?"

उमा गोंधळली. "ताई, मी जॉइन झाले तेव्हा तुम्हीच बोललात ना? टाइम नाय भेटला तर वीस टाक, नॉर्मलच असतंय."

ताईंना असं काही बोलल्याचं आठवेना. पण आपण बोललो असणार, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

त्यांनी उभ्याउभ्याच राहीला फोन लावला. "राही, तू खरंच मोजत होतीस?"

"हो ताई."

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? सगल्यांचे वीस यायचे, माझेच येत नव्हते. मला वाटला, माझाच मोजायला चुकतंय."

"तू परत ये. मी बोलते ऑफिसात."

"नको ताई, अंबरनाथला लागले मी." राहीचा आवाज चांगला आनंदी होता. "आता नाय चुकत. इथं मी पण वीसच टाकते. मॅडम एकदम खूश आहेत."