आडीच्या आदल्या दिवशी

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या वकिलांच्या टेबलावर मी सगळं शिस्तीत मांडलं. अप्पांचं आधार कार्ड, फोटो, टाइप केलेले दोन कागद, सहीसाठी अप्पांचं आवडतं शाईचं पेन. अंबत्तूरच्या माझ्या ऑफिसातले दोन सहकारी अर्धी रजा टाकून साक्षीदार म्हणून शेजारी उभे. वकील स्वतःच नोटरी होते. त्यांनी शिक्का उचलला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वडील कुठे आहेत?"

वडील तांबरमला घरी होते. जेवून आडवे झाले असतील.

आमच्या घरी अप्पांचं कुठलंही काम म्हणजे मी, माझी पिशवी आणि झेरॉक्स. इतक्या वर्षांत त्यात अप्पा स्वतः लागले नव्हते. तेव्हा शिक्का आधी मारून घ्यावा, सही घरी सावकाश घेऊ, असा माझा बेत होता. वकिलांनी शिक्का परत डबीत ठेवला. "त्यांनी माझ्यासमोर सही करायची असते. उद्या घेऊन या."

जिना उतरताना एक साक्षीदार म्हणाला, "सार, लग्नाला सगळे आले, नवरदेव तेवढा राहिला." त्या दोघांना वडा-सांबार खाऊ घालून मी घरी निघालो.

हे कागद अप्पांनीच मागितले होते. माझे मोठे काका नाकात नळी घेऊन फार दिवस पडून राहिले होते. त्यांना शेवटचं बघून आल्यावर अप्पा चपला न काढताच खुर्चीत बसले. "मज ती नळी नक्को रे," ते म्हणाले. "दोन घोट कॉफी पोटात असता जावं. मग सरी." सरी म्हणजे ठीक; आमचं घराणं तंजावरचं, पिढ्यानपिढ्या इकडेच. आमची मराठी ऐकून माझी साताऱ्याची बायको लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हसते. त्या दिवशी हसली नाही.

म्हणून मी, जो आयकराचं विवरणही शेवटच्या दिवशी भरतो, तो वकील शोधायला लागलो. एक कागद उपचारांचा: अप्पांचं भान गेलं तर नळी घालायची नाही, आणि निर्णय मी घ्यायचा. दुसरा मुखत्यारपत्राचा, त्यांच्या बँकेसाठी आणि फ्लॅटसाठी.

घरी येऊन मी झाला प्रकार सांगितला. अप्पा खोकला येईपर्यंत हसले. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान बोटाने उचलून बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"उद्या आडी लागते."

आडी म्हणजे तमिळ पंचांगातला तो महिना, ज्यात इथे कोणी लग्न करत नाही, घर घेत नाही, नव्या कागदावर सही करत नाही. आम्हीही करत नाही. बायकोने मात्र कंबर कसली. "अप्पा, आमच्याकडे आता श्रावण येईल. चांगला महिना! आणि आडीची सूट म्हणून कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, ते कसं चालतं?"

"ती साडी गं बाळा. हा मरणाचा कागद." अप्पांनी पान खाली सोडलं. "आडी सरून आवणी लागू दे. पहिल्या दिवशी मीच चालत येतो. हा विसरला तरी."

मी वाद घातला नाही. पुन्हा लगेच रजा मागायची मला लाजही वाटत होती. आडी संपेपर्यंत कोण कुठे जातंय, असं म्हणून कागद पिशवीतच ठेवले.

आडी अर्धीही सरली नव्हती तेव्हा अप्पा न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही गेलं, भानही धड राहिलं नाही. हॉस्पिटलमधली तरुण डॉक्टर म्हणाली, "नाकातून नळी घालावी लागेल. त्यांनी आधी काही लिहून ठेवलंय का?" मी इतक्या घाईने पिशवी उघडली की आधी रुमाल बाहेर आला. तिने कागद शेवटपर्यंत वाचला. मग उलटून पाहिला.

"सही?"

"आवणीत करणार होते."

ती इथलीच होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत कोइंबतूरहून माझी थोरली बहीण आली. "अप्पांना उपाशी मारतोस?"

"अक्का, त्यांनीच सांगितलं होतं गं."

"मला नाही सांगितलं."

ते खरं होतं. अप्पा असलं काही मुलीशी बोलत नसत. माझ्याकडे दाखवायला होता तो सही नसलेला कागद. तिच्या जागी मीही तो मानला नसता. नळी घातली.

वकिलांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, मुखत्यारपत्राची हळहळ करू नका. माणसाचं भान गेलं की तेही जातं. सही असती तरी आज ते कामाचं नव्हतं, आता पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टातच जावं लागेल. "उपचारांचा कागद मात्र आज उपयोगी पडला असता," त्यांनी पुढे सांगितलं. माणूस सज्जन आहे. तेवढं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर बरं झालं असतं.

आता अप्पा घरी आहेत. डावा हात चालतो, आणि तो सारखा नळीकडे जातो. ती एकदा उपसलीही. नर्सने पुन्हा घालताना अप्पा जे बघत होते ते माझ्याकडे. तेव्हापासून हाताला टॉवेलची पिशवी बांधतो. बायकोने शिवली आहे. ती पिशवी कधी सोडायची, हे विचारायला गेलो तर डॉक्टर म्हणतात, बघू. अक्का रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, "पोटात गेलं ना?" जातं.

आवणीच्या पहिल्या दिवशी मी वकिलांकडे गेलो. माझा स्वतःचा कागद करायला. साक्षीदार तेच. "सार, नवरदेव आलाय ना?" असं त्यातला एक बोलून गेला आणि मग जमिनीकडे बघत राहिला. मी सही केली, शिक्का बसला. काही म्हणजे काही विसरलो नव्हतो. तांबरमच्या गाडीत फाइल मांडीवर धरून बसलो होतो, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा.

घरी बायको दोघांची कॉफी घेऊन अप्पांच्या खाटेशी बसली होती. रोज तिथेच बसायचो, त्यांना सोबत म्हणून. "माझं झालं बघ," मी म्हणालो. "नळी नाही. निर्णय तुझा."

तिने फाइल घेतली नाही. ती अप्पांकडे बघत होती. त्यांची मान पेल्याकडे वळली होती. ओठ हलत होते, आणि पिशवीतला हात गादीवरून थोडा उचलला गेला होता.

तिने दोन्ही पेले उचलून मागे खिडकीत ठेवले. पदराने त्यांचे ओठ टिपले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, उद्यापासून आपण कॉफी बाहेर कुठेतरी घेत जाऊ. अप्पांना वास येतो."