बटणांच्या कारखान्यातले वात, पित्त आणि कफ

सदर व्यक्ती स्त्री असून बटणांच्या एका कारखान्याच्या खानावळीत मुख्य स्वयंपाकी या पदावर कार्यरत आहे. बांधा मध्यम. वर्ण वाफेमुळे निश्चित सांगता येत नाही. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर कढईच्या काठाचा जुना चटका. स्वभाव चौकस, याबाबत आजवर आलेल्या सर्व तोंडी तक्रारी तिच्या नवऱ्याच्या आहेत. सदर व्यक्तीस कारखान्यात ‘आत्या’ असे संबोधले जाते.

हे शेवटचं खरं तर फक्त एकाच्या हक्काचं होतं. कारखान्याच्या भांडारात तिचा सख्खा भाचा कामाला होता आणि तो तिला आत्या म्हणायचा. त्याचं ऐकून बटणांच्या निवडणीवरच्या बायका म्हणू लागल्या, मग साच्यांवरचे लोक, आणि शेवटी मॅनेजरसाहेबही. साहेब आत्यांपेक्षा वयानं बरेच मोठे. पण ज्या बाईच्या हातात वाढायचा डाव आहे तिच्याशी वयाचा हिशेब कोण काढत बसणार?

तर हेच साहेब एका दुपारी भांडी घासायच्या मोरीपाशी येऊन उभे राहिले. मोरीशेजारच्या बादलीत अर्धवट टाकलेला भात, डाळ, भाजी असं सगळं काठोकाठ भरलं होतं.

“आत्या, लोक खात का नाहीत?”

“मलाही तेच कोडं पडलंय.”

“कोडं लवकर सोडवा. बादली अशीच भरत राहिली तर पुढच्या महिन्यापासून बाहेरून डबे येतील. वरून तसं आलंय.”

वरून जे येतं ते खाली येईपर्यंत नेहमीच पक्कं झालेलं असतं. आत्यांनी मान डोलावली आणि साहेब गेल्यावर स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. ती चूल, ती पातेली, खिडकीशेजारचा तो ओटा, सगळं त्यांनी आपल्या हातानं बसवलेलं होतं. आता तिथं डब्यांची चवड लागणार?

योगायोग असा की त्याच आठवड्यात कारखान्यात एका वैद्यांचं व्याख्यान झालं. जेवणानंतर लोक यंत्रांवर पेंगतात म्हणून साहेबांनीच त्यांना बोलावलं होतं. वैद्य शांतपणे सांगत होते. माणसागणिक प्रकृती वेगळी. वाताचा माणूस कोरडा, चपळ, थंडीला भिणारा. त्याला गरम, स्निग्ध मानवतं. पित्ताचा उष्ण, भुकेला कच्चा, चटकन तापणारा. त्याला मवाळ, थंडावा देणारं हवं. कफाचा भरदार, संथ, गाढ झोपेचा; त्याला हलकं आणि जरा तिखटसर. एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला त्रास.

ऐकणाऱ्यांपैकी निम्मे पेंगत होते. आत्या मात्र दाराच्या चौकटीला टेकून टक्क जाग्या होत्या. इतकी वर्षं आपण सगळ्या कारखान्याला एकाच पातेल्यातून वाढत आलो! एकाच मापाचं बटण सगळ्या सदऱ्यांना लावावं तसं! वैद्य पुढे आणखी बरंच बोलले, पण आत्यांचं डोकं तोवर स्वयंपाकघरात पोचलं होतं.

सोमवारी ओट्यावर तीन पातेली आली. पहिल्यात तूप-जिऱ्याची दाट डाळ, वातासाठी. दुसऱ्यात धने-बडीशेपेची सौम्य, पित्तासाठी. तिसऱ्यात आलं-मिऱ्याची पातळ, कफासाठी. कोण कुठल्या पातेल्याचा हे आत्या नजरेनंच ठरवणार होत्या. धान्य बघून कीड सांगणारी बाई ती, माणूस बघून प्रकृती सांगायला कितीसा वेळ!

“तू वात. पुढे हो.”

“म्हणजे काय हो आत्या?”

“म्हणजे तुला तूप. नशीब काढलंस. तू पित्त.”

“मी? मी कधी कुणावर चिडलो?”

“आत्ता कुणाशी बोलतोयस?”

निवडणीच्या बायकांना यात भलतीच गंमत वाटली. चिमटीनं खोट असलेली बटणं बाजूला काढत त्या दिवसभर एकमेकींच्या प्रकृती ठरवू लागल्या आणि एकीनं तर घरी जाऊन सासूबाईंचीही ठरवली. तिथं पुढे काय झालं ते तिनं सांगितलं नाही.

साच्यावरच्या एका माणसाला सगळे डोंगर म्हणत. दारातून आत येताना तो किंचित तिरका व्हायचा. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. असा नमुना समोर आल्यावर आत्यांना विचार करायचंही कारण उरलं नाही.

“कफ,” त्या म्हणाल्या आणि मिऱ्याची डाळ वाढली. “तूप नाही, दूध नाही. महिनाभरात बघ कसा हलका होतोस.”

दोन दिवस डोंगरानं ते खाल्लं, तिसऱ्या दिवशी थाळी भरलेलीच मोरीपाशी ठेवली. चौथ्या दिवशी तो साच्यापाशीच छाती दाबून खाली बसला. त्याला बाकावर आडवं केलं. साहेबांनी वैद्यांना बोलावून घेतलं. बातमी खानावळीत पोचली तेव्हा आत्या तशाच ओल्या हातांनी धावल्या.

वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि निवांत गप्पा माराव्यात तसे प्रश्न विचारले. झोप कशी लागते? भूक आवरते का? रात्री पाणी लागतं का? डोंगर हळूहळू सांगत गेला. घशाशी जळजळ येते, भूक लागली की डोळ्यांपुढे अंधारी, रात्री तांब्या उशाशी लागतो.

“आम्लपित्त आहे. छातीचा धोका नाही,” वैद्य म्हणाले. “मिरी कुणी दिली याला?”

आत्यांनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

“अहो, पण याचा देह तर बघा! कफच की हा!”

“देह आईकडून आलाय, आत्या,” डोंगर पडल्यापडल्या म्हणाला. “आतली आग माझी आहे. तुम्ही विचारलंतच नाही.”

“विचारायचं काय? दिसतंय ना!”

“दिसतं ते थोडंच असतं, ताई,” वैद्य म्हणाले. “त्यातही जन्माची प्रकृती वेगळी आणि आज बिघडलंय ते वेगळं. हे मी व्याख्यानातही सांगितलं होतं.”

“तेव्हा मी पातेली मोजत होते,” आत्या म्हणाल्या.

बादली तशीच भरत होती आणि महिना निम्मा सरला होता. आता काय करावं? प्रत्येकाला झोप, भूक, तहान विचारून वाढायचं म्हटलं तर जेवणाची सुट्टी रांगेतच संपणार. एक दिवस त्यांनी तसंही करून पाहिलं, तेव्हा भाचा रांगेच्या शेपटाकडून ओरडला, “आत्या, माझी प्रकृती आता भुकेची झाली गं!”

रागावण्याऐवजी आत्या थबकल्या. प्रत्येकाच्या पोटाची खबर त्याच्याइतकी आणखी कुणाला असणार? ज्याचं त्यानंच ठरवलं तर चालेल का, असं त्यांनी वैद्यांना विचारलं. ते म्हणाले, “चालेल. पण दुखणाईत माणूस माझ्याकडे पाठवायचा, पातेल्याकडे नाही.”

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकच साधी डाळ शिजू लागली. टेबलांवर मात्र तीन वाडगे आले, एकात तूप-जिऱ्याची फोडणी, एकात धने-बडीशेपेची पूड, एकात आलं-मिरी. ज्यानं त्यानं स्वतःला विचारून घालून घ्यायचं. पहिल्या दिवशी तुपाचा वाडगा डोळ्यांदेखत रिकामा झाला. सगळा कारखाना एका दुपारात वाताचा झाला. मग जड झालेली पोटं दुपारभर यंत्रांवर डुलली आणि लोक आपणहून शहाणे झाले. जेवताना आता गप्पा वेगळ्याच चालायच्या. काल आलं घातलं तर काय झालं, बडीशेपेनं झोप कशी लागली. एरवी पाच घासांत थाळी उरकणारे लोक डाळ जिभेवर घोळवून बघू लागले. डोंगर धने-बडीशेपेची पूड घालायचा आणि शेजाऱ्याच्या मिऱ्याकडे जुन्या वैऱ्याकडे बघावं तसं बघायचा.

महिनाअखेरीस साहेब मोरीपाशी आले. बादली कोरडी होती. त्यांनी ती उलटीही करून बघितली. डब्यांचा विषय तिथंच मिटला आणि वर कळवलं गेलं : प्रकृतीनिहाय अन्नवितरण योजना पूर्णतः यशस्वी, शिल्लक अन्न : निरंक.

त्या दुपारी सगळ्यांचं आटोपल्यावर आत्या थाळी घेऊन पातेल्यापाशी गेल्या. डाळ संपली होती. त्यांनी चहात पाव बुडवून खाल्ला.