दादांच्या कांजिण्या

नातवाला लावायला गुलाबी लोशनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी आमच्या शिरूर कासारच्या घरात जाऊन पोचले.

तेव्हा मला आणि धाकट्या सुमीला कांजिण्या झाल्या होत्या. खाजवू नये म्हणून आईनं आमच्या अंगाला असंच लोशन लावून हातांवर पायमोजे चढवले होते. दादा, म्हणजे आमचे वडील, दारातून दरडावायचे, "खाजवलं तर बघा!"

आम्ही बऱ्या झालो आणि दादांनाच कांजिण्या निघाल्या. एका सकाळी चौकटीला पाठ घासताना सुमीनं त्यांना पकडलं. "आई, दादा लई खाजवायलेत!"

आई मोजे घेऊनच आली. "आवं, वण राहतेल. करा हात पुढं." दादांनी मुकाट्यानं हात पुढं केले.

मोज्यांच्या हातांनी त्यांना कपबशी काही धरता येईना. मग आईच शेजारी बसून, फुंकर घालत, बशीनं त्यांना चहा पाजू लागली. आम्ही हसून हसून लोळलो. दादा फोडांपेक्षा लाल झाले.

तेव्हा आम्हाला फक्त मोज्यांची गंमत वाटली. आज आठवतं ते वेगळंच. एरवी आमच्यासमोर आईशी धड न बोलणारे दादा चहा संपल्यावर हळूच म्हणाले, "अजून हाय का गं?"