आईचं चालान

चालान झालं म्हणून मला राग आला नाही. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, स्कूटरवर मागे बसलेल्या आईच्या डोक्यावर नव्हतं, चूक आमचीच. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो अजून धुमसतोय.

इकडे उत्तरेत, आमच्या शहरातल्या सीपरी बाजारच्या चौकात वाहतुकीचे दोन शिपाई होते. आमच्या पुढच्या मोटारसायकलवर तिघं, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. त्यांतल्या एकानं मोबाइल सरळ एका शिपायाच्या कानाला लावला, "चाचाजी से बात कर लीजिए." पलीकडून काय सांगितलं देव जाणे, शिपाई हसला आणि म्हणाला, "जाओ, आगे से ध्यान रखना." मग आमच्याकडे वळला. "हाँ, आप किसके यहाँ से हैं?"

आम्हाला कोणी चाचाजी नव्हते. आईनं बिचारीनं होतं ते इथल्या बोलीत सांगितलं, "भैया, हम तो पीढ़ियों से यहीं के हैं. हमाए पुरखे गुरसराय में पूजा-पाठ करत ते."

"तो पुरखों से बात करा दो, अम्मा."

आजूबाजूचे ऑटोवाले खदाखदा हसले. आईसुद्धा कसनुसं हसली आणि बाजूला झाली. मी तोंडाला येईल ते बोलत राहिले, तोवर त्यानं फोटो काढून चालान केलंसुद्धा. त्या दिवसापासून आई माझ्या स्कूटरवर बसेनाशी झाली. देवळात जायचं तरी ऑटो बोलवायची.

मी डूख धरला. ऑफिसला जाताना मुद्दाम त्याच चौकातून जायचे. एका सकाळी सापडला. तीच वर्दी, तोच काळा चष्मा, तीच जाड मिशी, स्वतःच्या मोटारसायकलवर आणि डोकं उघडं! मी स्कूटर कडेला घेतली, नंबर प्लेटसकट फोटो काढला. सोडावं की धरावं, हे आता माझ्या हातात होतं. मी धरलं. तक्रारीच्या नंबरावर फोटो पाठवताना इतकं बरं वाटलं की काय सांगू! दोन-चार दिवसांत उत्तर आलं, चालान केलंय आणि साहेबांनी त्याला बोलावून घेतलंय. मी पेढे घेऊनच घरी गेले.

आईनं चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि उचललेला पेढा परत ठेवला.

"अगं, हा तो नव्हे. हा दुसरा. तू तिथं भांडत होतीस ना, तेव्हा ह्यानं मला सावलीत आपल्या खुर्चीवर बसवलं. म्हणाला, अम्मा, बुरा मत मानियो."

मी तक्रार मागे घ्यायची खटपट केली, पण ती घेता येत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि त्या पहिल्याचा राग दुपटीनं आला. त्याच्यापायी मी एका भल्या माणसाला गोत्यात आणलं होतं. चरफडत बसले होते, तेवढ्यात आई उठली आणि माझं जुनं हेल्मेट पुसायला लागली.

"उद्या मला ने चौकात," ती म्हणाली. "ह्याची माफी मागते. आणि आपली थट्टा करणारा कोणता, ते तुला दाखवते."