लिओटाचा ढकलायचा ट्रक

शनिवारी सकाळी लिओटा सिल्वेरा मक्याचा पाव भाजायची, गरम असतानाच फडक्यात गुंडाळायची आणि गावातल्या बंद पडलेल्या औषधांच्या दुकानापुढच्या आवारात घेऊन जायची. तिथं सात-आठ जुन्या फोर्ड ओळीनं उभ्या असत. मडगार्ड उतरवलेल्या, टप कापून बुटक्या केलेल्या, आणि मूळचं इंजिन काढून तिथं दांडगं इंजिन बसवलेल्या. अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. त्यांचे मालकही एव्हाना गाड्यांसारखेच झाले होते. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या छातीत यंत्र बसवलेलं.

लिओटाकडे अशी गाडी नव्हती. तिचा थोरला भाऊ हार्लन टीग आपली बिनटपाची बत्तीस सालची फोर्ड घेऊन पुढं असायचा, आणि लिओटा करड्या रंगाच्या साध्या चारदारी गाडीतून त्याच्या मागं. तो वाटेत बंद पडला तर ढकलायला, म्हणून. हार्लन शहात्तर वर्षांचा होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता. लिओटा त्र्याहत्तरची. नवरा ज्यो जाऊन चार वर्षं झाली होती. गाईंचा गोठा मुलानं सांभाळायला घेतला होता. शनिवार हा तिचा स्वतःचा दिवस.

त्या शनिवारी पहिल्या गाडीच्या गोष्टी निघाल्या. तशा त्या दर शनिवारी निघायच्या, पण त्या दिवशी गॉर्डन एस्टेस नावाचा नवा माणूस आला होता. ओरेगॉनात शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, लेकीजवळ राहायला आलेला. नवा ऐकणारा मिळाला की जुन्या गोष्टींना पालवी फुटते.

"माझी एकतीसची होती," व्हर्नन हॅस्केल म्हणाला. हा सगळ्यांत बडबड्या. "ब्रेक नावापुरते. उजवं दार तारेनं बांधलेलं. बेर्निसला पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हा तिला म्हटलं, बाई, खिडकीतून आत ये. नवा झगा घालून आली होती बिचारी."

"आली आत?"

"आली ना. पन्नास वर्षं झाली. अजून म्हणते, त्या दाराचं काय केलंस."

ड्वेन ऑटनं आपली सांगितली. शाळा सुटायच्या वेळेला मुख्य रस्त्यावरून धूर काढत गेला होता, तो पोलिसानं धरला. पोलिसानं किल्ली काढून घेतली, त्याला पदपथावर बसवलं आणि स्वतःच गाडी घेऊन गेला. परत आला तेव्हा टाकी रिकामी. "म्हणाला, गाडी चांगली आहे रे, पण तिसरा गिअर जरा कुरकुरतो. आणि गेला निघून. मी घरापर्यंत ढकलत नेली."

सगळे हसले. गॉर्डननं पावाचा तुकडा तोडला आणि अदबीनं विचारलं, "आणि तुमची हो, लिओटाबाई? तुमची पहिली गाडी कुठली?"

"छत्तीसचा फोर्ड ट्रक," ती म्हणाली. "ढकलायचा."

"फार बंद पडायचा का?"

"तो नाही हो बंद पडायचा. तो दुसऱ्यांना ढकलायचा."

गॉर्डनला काही कळलं नाही. लिओटा कॉफी ओतायला वळली. तिच्या मते उत्तर देऊन झालं होतं. पण व्हर्ननला ते पटलं नाही. "असं नाही," तो म्हणाला. "तू नाही सांगत तर मी सांगतो." लिओटानं त्याला गप्प बस म्हटलं, पण व्हर्नन आजवर कुणाच्या सांगण्यानं गप्प बसला नव्हता.

टीग कुटुंब ओक्लाहोमातून आलं तेव्हा लिओटा सहा वर्षांची होती. बाप पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, आई आणि पोरं कापूस वेचायची. हार्लनला भंगारातनं काहीही उचलून आणायची खोड. अठराव्या वर्षी त्यानं एकाच्या संत्र्याच्या बागेतून गाडीचा सांगाडा, दुसऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून बॉडी आणि आदळलेल्या गाडीतून आठ सिलिंडरचं इंजिन आणून बत्तीसची फोर्ड उभी केली. लिओटा कंदील धरायची, मग पाने द्यायला लागली, मग व्हॉल्व्ह घासायला. ती कधी शिकली हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

पुढं 'व्हॅली डस्टर्स' नावाच्या क्लबात हार्लनचं नाव लागलं. महिन्यातून एकदा ही मंडळी टेहाचापीचा घाट उतरून मोहावीच्या वाळवंटात जायची. तिथं कोरडी पडलेली तळी आहेत, मैलोगणती सपाट, खापरासारखी टणक. पहाटे रांग लावायची आणि एकेकानं घड्याळ लावून गाडी सोडायची. या गाड्यांना स्वतःहून चालू व्हायची सोय नसे. वजन वाचावं म्हणून स्टार्टर काढून टाकलेला असायचा. मागून ट्रकनं ढकलत न्यायचं, वेग आला की चालकानं क्लच सोडायचा, इंजिन पेटलं की ट्रकनं मागं राहायचं.

क्लबाचा नियम होता की बायकांनी शर्यतीच्या गाडीत बसायचं नाही. ट्रकबद्दल नियमात काहीच लिहिलं नव्हतं, कारण ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तर लिओटा ट्रक चालवायला लागली. बापाचा छत्तीसचा ट्रक, पुढच्या बंपरवर जुन्या टायरचं रबर बांधलेलं.

ढकलणं दिसतं तेवढं सोपं नसतं. धक्का बसला तर पुढच्याची मान हिसकते. बंपर एका बाजूला टेकला तर गाडी आडवी होते. पुष्कळ जण ढकलायचे म्हणजे मागून येऊन आपटायचेच. लिओटाचा ट्रक टेकलेला कळायचा नाही. हार्लन म्हणायचा, "मी मागं बघतो तर ही आलेली असते." ती दोन्ही काचा खाली करून पुढच्या इंजिनाकडे कान लावायची. पहिला खोकला, दुसरा खोकला, मग ते सलग बोलायला लागलं की पाय काढायचा. पुढं पुढं क्लबातले निम्मे लोक आपल्या ट्रकवाल्याला सोडून तिच्याकडे यायला लागले. "पोरी, मला जरा दे ढकलून." ती देई.

एकावन्न सालच्या ऑक्टोबरात हार्लनला तिनंच ढकललं. इंजिन छान पेटलं. तो गेला आणि त्याच्यामागं धुळीची भिंत उभी राहिली. वारा पडलेला होता, त्यामुळं ती हलेना. लिओटा ट्रक बाजूला घेऊन ऐकत होती. आवाज चढत गेला, चढत गेला आणि मध्येच तुटला. बंद केलेल्या इंजिनाचा आवाज उतरत जातो. हा उतरला नाही.

निशाण धरणारा व्हर्नन होता. धूळ बसेपर्यंत कुणी आत शिरायचं नाही, हा नियम जिवाच्या काळजीनंच केलेला होता, कारण धुळीत समोरचं माणूस दिसत नाही. व्हर्नननं निशाण आडवं धरलं. लिओटाचा ट्रक त्याच्या शेजारून आत गेला.

"तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," व्हर्नन गॉर्डनला सांगत होता. "दार उघडं, एक हात चाकावर, आणि बाई कमरेपासून बाहेर लोंबकळलेली. मला वाटलं, ही आता पडते. ती खाली बघत होती रे. हार्लनच्या टायरांच्या खुणा बघत."

समोर काही दिसत नव्हतं, पण खाली हातभर जमीन दिसत होती, आणि तिच्यावर दोन रेघा. लिओटा त्या रेघांवरून गेली. त्या सरळ होत्या तोवर तिनं वेग ठेवला. मग एक रेघ जाड झाली, दोन्ही वाकड्या गेल्या, आणि एका जागी जमीन नांगरल्यासारखी उकरलेली होती. तिनं ब्रेक दाबला. गाडी पुढ्यात आडवी पडली होती, डाव्या कुशीवर. हार्लन अर्धा बाहेर फेकलेला, आणि डावा पाय दाराखाली. पेट्रोल ठिबकत होतं.

"लिओटा, इंजिन बंद कर," हार्लन म्हणाला. तो शुद्धीवर होता.

"बंद केलं तर तुला काढू कशानं?"

"पेटेल गं सगळं."

"मग हलू नकोस."

ट्रकमध्ये साखळी असायचीच. ट्रक चाकांच्या बाजूला, पेट्रोलापासून जमेल तेवढा लांब वळवून तिनं साखळीचं एक टोक गाडीच्या सांगाड्याच्या वरच्या पट्टीत अडकवलं, दुसरं ट्रकच्या मागं. हिसका बसला असता तर गाडी सरकली असती आणि पायासकट भावाला ओढत घेऊन गेली असती. तिनं पहिला गिअर टाकला आणि क्लच केसाकेसानं सोडला. साखळी ताठ झाली. इतकी वर्षं तिनं लोकांना न कळता धक्का दिला होता, आता तसंच न कळता ओढायचं होतं. गाडीची वरची बाजू हलली, उचलली गेली, क्षणभर उभी राहिली आणि धप्पकन चार चाकांवर बसली. हार्लन मोकळा झाला. आपला पट्टा काढून तिनं त्याच्या मांडीला आवळला. बाकीचे धावत पोचले तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याला शिव्या देत होती, झोप लागू नये म्हणून.

पाय गेला. हार्लन राहिला. वर्षभरानं क्लबातल्या लोकांनी त्याला हातानं चालवायचा क्लच करून दिला आणि तो पुन्हा तळ्यावर गेला. लिओटानं पुन्हा ढकललं. मग ज्यो सिल्वेराशी तिचं लग्न झालं. दोन वेळच्या धारा, चार पोरं. ट्रकमधून दुधाचे कॅन जायला लागले. बायकांना गाडी चालवू न द्यायचा नियम क्लबानं यथावकाश बदलला, पण तोवर तिच्या मागं दोनशे गुरं लागली होती.

व्हर्ननचं सांगून झालं तेव्हा कॉफी गार झाली होती. गॉर्डननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. लिओटा फडक्यावरचा चुरा झटकत होती. तिला हे सगळं चारचौघांत नको होतं, तरी व्हर्नननं ते फुगवून सांगितलं नाही हे तिच्या लक्षात आलं होतं.

हार्लन इतका वेळ बोनेटला टेकून उभा होता. तो म्हणाला, "तू कधी तळ्यावरून स्वतः गेली नाहीस. एकदासुद्धा."

"नाही."

"का गं?"

"मला कुणी विचारलंच नाही."

हार्लननं बोनेटवर थाप मारली. "नोव्हेंबरात तळ्यावरची या हंगामातली शेवटची खेप आहे," तो म्हणाला. "माझी गाडी घे."

"तुझी गाडी? तू व्हर्ननला साधी काच पुसू देत नाहीस."

"व्हर्नन वेगळा. बघ बाई, मी दुसऱ्यांदा विचारणार नाही."

मुलाला कळलं तेव्हा त्यानं फोन करून आईला वेड लागलं का असं विचारलं. लिओटा म्हणाली, लागलं असेल, तू गाईंकडे बघ. डॉक्टरनं तपासून कागद दिला. आगीत न जळणारा अंगरखा ड्वेनच्या नातवाचा होता, त्याच्या बाह्या दुमडाव्या लागल्या. पहिल्या फेऱ्या नियमाप्रमाणे हळू सोडायच्या होत्या, त्या तिनं मुकाट्यानं हळू सोडल्या.

रविवारी सकाळी हवा थंड होती. हार्लननं पट्टे आवळले, दोनदा तपासले. मागं व्हर्नन आपला नवा ट्रक घेऊन उभा होता, कारण हार्लननं हट्टानं त्या गाडीला अजून स्टार्टर बसवला नव्हता. निशाण हललं आणि व्हर्ननचा ट्रक येऊन धाडकन आदळला.

"ढकल म्हटलं, मार नाही म्हटलं," लिओटा शिरस्त्राणाच्या आतून ओरडली. तिकडं ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

वेग आला. तिनं क्लच सोडला. पहिला खोकला, दुसरा, आणि इंजिन बोलायला लागलं. आजवर हा आवाज तिच्यापासून लांब जात आला होता. आज तो गेला नाही. तो पायांतून वर चढला, दातांत आला, आणि तिथंच राहिला. दुसरा गिअर, तिसरा. डोंगर हलत नव्हते. तळं खालून वाहत होतं आणि ती मात्र एका जागी बसल्यासारखी वाटत होती, इतकी शांत की आपण हसतोय हे तिला बऱ्याच वेळानं कळलं. चाक हातात थरथरत होतं. तिनं ते हलक्या हातानं धरलं, घट्ट धरलेलं त्याला आवडत नाही हे तिला ठाऊक होतं. शेवटची खूण मागं गेली, तिनं पाय काढला आणि लांबवर वळण घेऊन थांबली. धूळ तिच्या मागून आली आणि तिच्यावरून पुढं निघून गेली.

ताशी एकशे एकवीस मैल.

हार्लन करड्या गाडीतून तिला घ्यायला आला होता. उतरला, लंगडत जवळ आला.

"कशी वाटली?"

"डावीकडे ओढते."

"माहीत आहे."

"मग नीट का नाही केलीस?"

"सवय झाली." त्यानं तिचे पट्टे सोडले.

त्या हिवाळ्यात दोघांनी गाडी खोलली, आणि ती डावीकडे ओढायची थांबली. लिओटा पुढचे सहा हंगाम तळ्यावर गेली. दुसऱ्याच वर्षी तिनं हार्लनचा आजवरचा सगळ्यांत मोठा वेग चार मैलांनी मागं टाकला. परतीच्या वाटेवर हार्लन बोलेना. मोहावी गाव मागं पडलं, घाट लागला, तरी बोलेना. टेहाचापीत ते नेहमीच्या खानावळीत थांबले. वाढणाऱ्या बाईनं दोघांपुढं सफरचंदाचा केक आणून ठेवला, तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"पाय लाकडाचा आहे म्हणून. नाहीतर बघितलं असतं तुला."

"हो का," लिओटा म्हणाली. "उजवा तर धड आहे ना? वेग त्यानंच घेतात."

हार्लननं आपल्या केकचा मोठा तुकडा काट्यानं कापला आणि तिच्या ताटलीत सरकवला.