"दे" म्हणाला तो दुसऱ्याचा मुलगा

मैत्रिणींनो, आज मला एका बाईचा फार हेवा वाटला. मी नांदेडमध्ये बिहेवियर थेरपिस्ट आहे, ऑटिस्टिक मुलांना बोलायला-मागायला शिकवते. माझी स्वतःची लेक ओवीही ऑटिस्टिक आहे. नऊ वर्षांची झाली, अजून बोलत नाही.

आमच्या कामात एक पद्धत असते. मुलाच्या आवडीचा खाऊ घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायचा आणि तो मागेपर्यंत थांबायचं. आज बरणीत मुरमुरे होते. कंधारहून येणाऱ्या चार वर्षांच्या मुलानं ती माझ्यापुढे धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दे."

त्याची आई रडायलाच लागली. मी टाळ्या वाजवल्या, झाकण उघडलं, हसले. आतून जळत होते. शिकवला मी, आणि शब्द चालला तिच्या घरी.

निघताना ती म्हणाली, "तुमचं बरं हाय मॅडम. तुमच्या लेकराला घरातच मॅडम हाय. आम्हाला बसनं धक्के खात यावं लागतंय."

म्हणजे ती माझ्यावर जळत होती.

संध्याकाळी घरी आले तर ओवीनं मुरमुऱ्यांचा डबा आणला आणि माझा हात धरून झाकणावर ठेवला. दुसऱ्या आईला मी लगेच सांगितलं असतं, थांबा, उघडू नका, तिला मागू द्या. मी उघडून दिलं. आज मला घरी मॅडम व्हायचंच नव्हतं.

दुसऱ्याच्या लेकरासाठी टाळ्या वाजवताना तुमचे हात कधी जड झालेत का? खरं सांगा.