अकराव्या विहिरीचं पाणी

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात मी देवासमोर रोज बसत होतो, पण नाम घेता येत नव्हतं. आईला वाटे, पोरगा अभ्यासाने थकला आहे. खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते कुणाला सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

मी पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवरचा. घरात शेती, आणि आई दत्तभक्त. कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पाटाच्या पाण्याने आमच्याकडच्या काही जमिनी खारवल्या होत्या, विहिरीही मचूळ झाल्या होत्या. माझा प्रबंध त्याच विषयावर होता. बारा विहिरी निवडलेल्या. वर्षात तीन वेळा प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून न्यायचं, प्रयोगशाळेत क्षार मोजायचे आणि तक्त्यात मांडायचे. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत अकरावी विहीर राहिली. ती आडबाजूला होती, त्या दिवशी ऊन फार होतं, उद्या जाऊ म्हणालो आणि तो उद्या आला नाही. टंकलेखनाला कागद द्यायची वेळ झाली तेव्हा मी टेबलाशी बसूनच आकडा लिहिला. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी क्षार वाढले होते, म्हणून तिसऱ्या वेळी आणखी थोडे वाढवले. एकच आकडा होता, पण त्या आकड्याने ती विहीर 'पिण्यास व ओलितास अयोग्य' अशा यादीत गेली. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, ही यादी तालुक्याच्या कचेरीत पाठवणार होते. ते दुष्काळाचं वर्ष होतं. अशा विहिरींवर तांबडी फुली मारून लोकांना पाणी भरू द्यायचं नाही, असं चाललं होतं.

प्रबंधाच्या चार प्रती बांधून झाल्या, सरांची सही झाली. सोमवार ही सादर करण्याची शेवटची तारीख. शनिवारी मी प्रती घेऊन घरी आलो, कारण आईची इच्छा होती की त्या एकदा दत्ताच्या पायांशी ठेवाव्यात. तिने त्यांवर फूल वाहिलं. मी हात जोडले आणि म्हणालो, हे एवढं पार पडू दे. त्या मागण्यात मला स्वतःचाच आवाज परका वाटला. प्रबंध सादर झाला की तालुक्याला कृषी साहाय्यकाची जागा मिळेल असं मला तोंडी सांगितलेलं होतं, आणि वडिलांनी ते चार लोकांना सांगूनही टाकलं होतं.

सोमवारी सकाळची रेल्वे चुकली. श्रीरामपूरला जाऊन एस.टी. धरावी म्हणून मी सायकलला प्रतींचं गाठोडं बांधलं आणि पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने निघालो. पाट कोरडा ठणठणीत. तासाभराने पुढचं चाक बसलं. सायकल ढकलत किती चाललो कोण जाणे. डोकं ठणकू लागलं, मग डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी रस्त्यातच बसलो. पाणी जवळ नव्हतं. तेवढ्यात मागून बैलगाडी आली. गाडीवाला उतरला. उंच, म्हातारा, डोक्याला धुवट फेटा.  त्याने मला धरून गाडीत निजवलं, सायकल वर घातली, गाठोडं माझ्या उशाला ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "नीज. पानी पाजतो तुला."

शुद्धीवर आलो तेव्हा मी लिंबाखाली होतो. एक म्हातारी बाई माझ्या कपाळावर ओला पदर ठेवत होती. तिने तांब्या तोंडाला लावला. मी घटाघटा प्यालो, आणखी मागितलं, तिसरा तांब्याही संपवला. पाणी गार होतं, गोड होतं. पोट भरल्यावर मान वळवली आणि समोर विहीर दिसली. मोटेचे दोन दगडी खांब, त्यातला एक कललेला.  ती माझी अकरावी विहीर होती.

पाणी पाजणारी बाई म्हणजे त्या विहिरीच्या मालकीण ठकूबाई; त्यांनीही मला ओळखलं. "तू त्यो बाटल्यावाला न्हवं? दोनदा आल्तास, मंग फिरकलाच न्हाईस."

"मावशी, हे पाणी या विहिरीचं?"

"मंग कुटलं? आवंदा इहीर दोन परस खाली न्हेली. खालचा खडक फुटला आन् ग्वाड पानी लागलं. तीन वस्त्या हितनंच भरत्यात आता. द्येवाची किरपा, दुसरं काय."

मी गाडीवाल्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्याबरूबरचाच न्हवं त्यो? तुला उतरवलं, म्हनला ह्याला आपलं पानी पाजा, आन् गेला. मला वाटलं तुझा चुलता हाय." त्याला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. तो कुणीतरी वाटसरू असेल. मी त्याबद्दल कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्या विहिरीवर जायला मी कंटाळलो होतो, तिथे मला उचलून नेण्यात आलं, आणि जे पाणी मी अयोग्य लिहिलं होतं, त्यानेच माझा जीव वाचला.

ठकूबाईंकडून मी एक बाटली मागून घेतली आणि पाणी भरलं. त्यांच्या पुतण्याने मला श्रीरामपूरला सोडलं. महाविद्यालयात पोचलो तेव्हा कचेरी बंद व्हायला तासभर होता. प्रती दिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं, हा विचार त्या वेळीही मनात आला, हे कबूल करतो. पायऱ्यांशी येऊन मी थांबलो. नाम आपोआप ओठांवर आलं, कित्येक दिवसांनी. मग मी कचेरीत न जाता सरांच्या खोलीत गेलो, बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

सर उठले. बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेले, स्वतः पाणी तपासलं. परत येऊन विचारलं, "बाकीचे आकडे?"

"खरे आहेत, सर."

"हे मी आता कशावरून धरू?"

 माझे डोळे भरून आले. सरांनी गाठोड्यातली एक प्रत काढून तक्ता उघडला. मग म्हणाले, "प्रबंध आज जाणार नाही, आणि ती यादीही. बाराही विहिरी पुन्हा बघायच्या. मी येतो तुझ्याबरोबर."

आणि ते आले. पन्नाशीचा माणूस माझ्याबरोबर त्या उन्हात सायकलवर वस्त्या-वस्त्या फिरला. सहा महिने गेले. कृषी साहाय्यकाची जागा दुसऱ्याला मिळाली. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली, "द्येवानं तुला अडवलं, ह्ये बरं झालं." बाकीचे आकडे बरोबर निघाले. त्या खेपेला प्रबंध सादर करताना कारकुनाने पोच दिली, ती मी घडी करून खिशात ठेवली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, "ही एकच विहीर एकदम गोड कशी झाली? शंका आल्याशिवाय तुम्ही पुन्हा तपासायला गेला नसाल." मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, "आधी तिसऱ्या फेरीत मी तिथे गेलोच नव्हतो." आणि मग सगळं सांगितलं. परीक्षकांनी अकराव्या विहिरीचा तक्ता पुन्हा तपासला. शेवटी मला उत्तीर्ण केलं.

पुढे मी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला लागलो, संसार झाला. पण त्या सहा महिन्यांनी मला जे दिलं ते पदवीने दिलं नाही. मी देवाजवळ प्रबंध पार पडावा असं मागितलं होतं आणि त्याने तो सादरच करू दिला नाही. ही कृपा ओळखायला मला फार दिवस लागले. आता काही मागताना मी शेवटी म्हणतो, मला कळत नसेल तर माझं ऐकू नकोस.

निकालानंतर मी पेढे घेऊन ठकूबाईंकडे गेलो होतो. त्यांच्या विहिरीबद्दल मी काय लिहिलं होतं ते सांगून पाया पडलो. प्रबंध म्हणजे काय, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी पेढ्याचा तुकडा करून आधी मला भरवला आणि विचारलं, "आता बराबर लिवलंस का?"

"हो, मावशी."

"मंग झालं की," म्हणाल्या आणि उठून चुलीवर चहाचं आधण ठेवायला गेल्या.